उड्डाणानंतर उपकरणे खोटे बोलू लागली तर

खानदेशच्या आकाशात लहान विमान दिसले म्हणून आता कोणी मान वर करून थांबत नाही. धुळे शहरालगत गोंदूरची धावपट्टी आहे. मुंबई फ्लाइंग क्लब ही १९२८ साली जुहूला सुरू झालेली संस्था आपल्या विद्यार्थ्यांची उड्डाणे तेथे करवून घेऊ लागली, तेव्हापासून या विमानांची घरघर गावाच्या अंगवळणी पडली. याच क्लबात शिकलेल्या जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिला गेलेला तो पहिला परवाना होय. शिरपूरजवळ तांडे येथेही वैमानिक घडविणारी संस्था आहे. एके काळी कापूस आणि केळी यांसाठीच ज्याचे नाव घेतले जाई त्या आपल्या मुलखाला हा एक नवाच उद्योग लाभला आहे.

हा मुलूख या शिक्षणाला मानवतो याचे कारण उघड आहे. पावसाळ्याचे दिवस वगळले तर येथले आकाश बहुधा स्वच्छ असते. शिकाऊ वैमानिकाला खाली पांझरा दिसते, आग्रा रोडची सरळ रेघ दिसते, दक्षिणेला लळिंगचा किल्ला दिसतो आणि त्या सर्वांच्या पलीकडे क्षितिज दिसते. हे क्षितिज त्याचे पहिले आणि सर्वांत भरवशाचे उपकरण. पुढे जे सांगायचे आहे ते या क्षितिजाभोवतीच फिरणार आहे.

कलाशाखेच्या वार्षिकात विमानाच्या उपकरणांवर लेख कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. त्याला उत्तर असे की, विमान उठल्यावर उपकरण बिघडले म्हणजे जो पेच उभा राहतो तो यंत्रशास्त्राचा कमी आणि आपल्या तर्कशास्त्राच्या व मानसशास्त्राच्या वर्गांतला अधिक असतो. डोळ्यांना एक दिसते, शरीराला दुसरे जाणवते, काट्याचे म्हणणे तिसरेच असते. यांपैकी प्रमाण कोणते मानायचे? नैयायिकांनी प्रत्यक्ष, अनुमान आणि शब्द यांची चर्चा शांतपणे बसून केली. वैमानिकाला तीच चर्चा काही सेकंदांत आटोपावी लागते, आणि चुकीला पुढच्या पाठात दुरुस्ती नसते.

प्रथम उपकरणांची ओळख करून घेऊ. सेसनासारख्या साध्या शिकाऊ विमानात वैमानिकासमोर सहा मुख्य तबकड्या असतात. वेगमापक, कृत्रिम क्षितिज आणि उंचीमापक या वरच्या ओळीत. वळणदर्शक, दिशादर्शक आणि चढउताराचा वेग दाखविणारी तबकडी या खालच्या ओळीत. याखेरीज काचेपाशी एक साधे होकायंत्र असते आणि इंजिनाचे फेरे दाखविणारा काटा असतो. महत्त्वाची गोष्ट अशी की, या सहाजणींचे अन्नपाणी एकाच घरातून येत नाही. वेग, उंची आणि चढउतार या तिघी हवेच्या दाबावर चालतात. कृत्रिम क्षितिज आणि दिशादर्शक यांतील भोवरे जुन्या बनावटीच्या विमानांत इंजिनावर चालणाऱ्या निर्वात पंपाने फिरतात. वळणदर्शक बहुधा विजेवर चालतो. एक घर बुडाले तरी सगळ्या उपाशी राहू नयेत अशी ही योजना आहे. म्हणून लहान विमानात सर्व उपकरणे एकदम गेली असे सहसा घडत नाही. एकदोन जातात, आणि बहुतेक वेळा गेल्याचे सांगून जात नाहीत.

वेगमापकाचेच घ्या. पंखाखाली पुढे तोंड केलेली एक बारीक नळी असते. तिला पिटो नळी म्हणतात. समोरून येणारा वारा तीत शिरतो. विमानाच्या अंगावर दुसरे एक छिद्र असते, त्यातून भोवतालच्या स्थिर हवेचा दाब आत येतो. या दोन दाबांतील फरकावर वेगमापकाचा काटा हलतो. पिटो नळीचे तोंड बुजले आणि तिचे पाणी निघून जाण्याचे भोक मोकळे राहिले, तर काटा खाली पडून शून्यावर येतो. हा बिघाड एका अर्थी प्रामाणिक, कारण उडत्या विमानाचा वेग शून्य कसा असेल? वैमानिक लगेच सावध होतो.

परंतु तोंड आणि भोक दोन्ही बुजली तर? मग नळीत दाब कोंडून राहतो. विमान वर चढू लागले की बाहेरचा दाब कमी होतो, दोहोंतील फरक वाढतो आणि काटा वर सरकू लागतो. म्हणजे वेगमापक आता गुपचूप उंचीमापकाचे काम करू लागलेला असतो. वैमानिकाला वाटते, वेग फार झाला. तो नाक आणखी वर उचलतो. विमान अधिक चढते, काटा अधिक वाढतो. खरा वेग मात्र घटत असतो. शेवटी पंखांवरचा हवेचा आधार सुटतो आणि वेग फार झाला असे उपकरण सांगत असतानाच विमान वेगाअभावी कोसळते.

ही कल्पित गोष्ट नव्हे. ६ फेब्रुवारी १९९६ रोजी डोमिनिकन प्रजासत्ताकातील प्वेर्तो प्लाता येथून निघालेले बिर्गेनएअर या तुर्की कंपनीचे बोइंग ७५७ विमान अशाच तऱ्हेने समुद्रात पडले आणि १८९ माणसे गेली. ते विमान त्यापूर्वी बरेच दिवस नळ्यांवर आच्छादन न घालता उभे होते. नळीत घर केले असावे ते एका माशीने, अशा जातीच्या माशीने की जी आपल्याकडे कुंभारीण म्हणून घरोघर परिचित आहे. देवळीच्या कोपऱ्यात, दाराच्या चौकटीत, क्वचित कुलपाच्या भोकातसुद्धा ओल्या मातीचे घर करणारी ती हीच. पिटो नळीएवढे सोयीचे भोक तिला दुसरे कोठे मिळणार? उभ्या विमानाच्या नळीवर लाल फीत लावलेली पिशवी असते ती हिच्यासाठी. विशेष म्हणजे त्या विमानाच्या कप्तानाला धावपट्टीवर असतानाच आपला वेगमापक चालत नसल्याचे कळले होते, तरी त्याने उड्डाण चालू ठेवले. शेजारी सहवैमानिकाचा वेगमापक होता. तो बरोबर होता.

येथे धड्यातला पहिला नियम येतो. धावपट्टीवर विमान धावू लागले की वैमानिकाने वेगमापकाकडे नजर टाकून काटा हलला याची खात्री करून घ्यायची असते. हलला नाही, आणि पुढे पुरेशी धावपट्टी उरली आहे, तर इंजिन मंद करून तेथेच थांबायचे. जमिनीवर असताना ओळखलेला बिघाड हा दुरुस्तीचा विषय असतो. पन्नास फुटांवर ओळखलेला तोच बिघाड जिवाचा विषय होतो.

पण समजा, चाके जमिनीवरून सुटली आणि मगच काटा पडला. अशा वेळी नवशिक्याच्या मनात पहिली ऊर्मी येते ती तत्काळ मागे वळून धावपट्टी गाठण्याची. कमी उंचीवर, घाईने, तिरपे वळण घेणे हे उपकरणाच्या बिघाडाहून कितीतरी अधिक घातक असते. इंजिन चालू आहे, पंख जागेवर आहेत, सुकाणू ऐकत आहे. विमानाला आपला काटा बंद पडल्याची वार्ताही नाही. म्हणून जे चालले होते तेच चालू ठेवायचे. उड्डाणविद्येत एक मूलभूत सिद्धान्त शिकवितात: इंजिनाची ठराविक शक्ती आणि नाकाची ठराविक उंची यांची जोडी जमली की वेगही ठराविकच मिळतो. सेसना १७२ हे विमान पूर्ण शक्तीवर, नाक नेहमीच्या चढाईइतके वर ठेवून, ७० ते ७५ नॉटच्या आसपास वेगाने चढते (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर). काटा काहीही सांगो. स्वयंपाकघरातल्या अनुभवी बाईला भातासाठी घड्याळ लागत नाही. भांडे, पाणी आणि आच ठरलेली असली की भात केव्हा होणार हे तिला ठाऊक असते. त्यातला प्रकार आहे.

शिवाय इतर साक्षीदार असतातच. वेग घटू लागला की सुकाणू हाताला सैल लागते, वाऱ्याचा आवाज मंदावतो. सेसना विमानाच्या डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला एक साधी पिपाणी असते. आधार सुटण्यापूर्वी ती आपोआप वाजते. तिला ना वीज लागते, ना पिटो नळी. उपग्रहावरून स्थान दाखविणारे यंत्र जमिनीवरचा वेग सांगते. त्यात वाऱ्याचा हिशेब धरावा लागतो एवढेच. या सर्वांच्या आधाराने सुरक्षित उंची गाठायची, नेहमीप्रमाणे धावपट्टीला फेरी घालायची, रेडिओवरून अडचण कळवायची आणि किंचित अधिक वेग राखून उतरायचे. हा क्रमही ठरलेला आहे: आधी विमान उडवा, मग वाट पाहा, मग बोला. बोलण्याची घाई झाली म्हणजे उडविणे राहून जाते, हा जगभरचा अनुभव आहे.

स्थिर दाबाचे छिद्र बुजले तर प्रकार वेगळा. उंचीमापक जेथल्या तेथे गोठतो, चढउताराचा काटा शून्यावर बसतो आणि चढताना वेगमापक खऱ्याहून कमी वेग दाखवतो. २ ऑक्टोबर १९९६ रोजी पेरू देशातील लिमा येथून रात्री निघालेल्या एअरोपेरूच्या विमानात असेच झाले. विमान धुताना छिद्रांवर लावलेली चिकटपट्टी काढायची राहिली होती. खाली काळा समुद्र, वर काळे आकाश, आणि सर्व काटे परस्परविरोधी. त्या विमानातील ७० माणसांपैकी कोणी वाचले नाही. लहान विमानात या बिघाडावर सोपा उपाय असतो. पुष्कळ विमानांत आतूनच स्थिर दाब घेणारी दुसरी झडप बसविलेली असते. ती उघडली की काम भागते. ती नसेल तर चढउताराच्या तबकडीची काच फोडावी असे शिकवितात, म्हणजे आतल्या हवेचा दाब नळ्यांना मिळतो. मोलाची वस्तू फोडणे आपल्याला जड जाते, तरी सहांपैकी जिच्यावाचून सर्वांत कमी अडते ती हीच.

वीज गेली तर इंजिन बंद पडेल, अशी भीती सामान्य माणसाला वाटते. ती निराधार आहे. अशा विमानांच्या इंजिनाला ठिणगी देणारी मॅग्नेटो ही यंत्रणा विमानाच्या विजेवर अवलंबून नसते. हा भाग एवढ्यावरच सोडतो, कारण खरा कठीण प्रश्न कृत्रिम क्षितिजाचा आहे.

ढगात किंवा अंधारात बाहेरचे क्षितिज दिसेनासे होते, तेव्हा त्याची जागा ही तबकडी घेते. अर्धी निळी, अर्धी तपकिरी. मध्ये रेघ आणि रेघेवर एक चिमुकले विमान. आत भोवरा फिरत असतो आणि भोवऱ्याच्या स्थिरतेवर ती रेघ टिकून राहते. निर्वात पंप बंद पडला की भोवरा लगेच थांबत नाही. फेरे मंदावत जातात आणि रेघ हळूहळू, लक्षात येणार नाही इतकी हळू, कलू लागते. वैमानिक तिच्याप्रमाणे विमान सरळ करायला जातो आणि सरळ विमान तिरपे करतो.

आपल्या शरीराला हा तिरपेपणा कळू नये काय? येथे मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी लक्ष द्यावे. आपल्या आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्यांतील द्रव हलला की आपण वळतो आहोत हे मेंदूला कळते. परंतु वळण एकसारखे चालू राहिले तर थोड्याच सेकंदांत तो द्रव नलिकेबरोबर फिरू लागतो आणि जाणीव बंद होते. वळण थांबविले की उलट दिशेने फिरल्याचा भास होतो. फुगडी खेळून थांबलेल्या मुलीला अंगण फिरताना दिसते ते यामुळेच. अंगणात डोळे काही क्षणांत कानांची समजूत घालतात. ढगात डोळ्यांना सांगण्यासारखे काही नसते. उड्डाणाच्या वेळी आणखी एक भास होतो: वेग एकदम वाढला की नाक फार वर गेल्यासारखे वाटते, आणि काळोखात वैमानिक नकळत ते खाली दाबतो.

१९५४ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात यावर एक प्रयोग झाला. उपकरणांवर उडण्याचे शिक्षण नसलेल्या २० जणांना बाहेरचे काही दिसणार नाही अशा अवस्थेत विमान हाती दिले. विसांपैकी एकालाही ते सांभाळता आले नाही. ताबा सुटायला लागलेला वेळ कोणाचा २० सेकंद, कोणाचा ४८० सेकंद. सरासरी १७८ सेकंद. म्हणजे तीन मिनिटेसुद्धा नाहीत. त्याच माणसांना एक साधी रीत शिकविल्यावर बहुतेक सर्व जण वळून परत येऊ शकले. ती रीत मुख्यतः वळणदर्शकावर आधारलेली होती. उपकरणांच्या आधारे उडणे ही मनुष्याला उपजत जमणारी गोष्ट नव्हे, ते शिकावे लागते. आणि शिकता येते हेही २४ सप्टेंबर १९२९ रोजी जिमी डूलिटल यांनी झाकलेल्या कक्षात बसून, केवळ तबकड्या पाहत, उड्डाणापासून उतरण्यापर्यंत फेरी पुरी करून दाखवून दिले होते.

आता आपल्याच महाराष्ट्रात घडलेली घटना पाहू. ती लहान विमानाची नाही, चारशे माणसे बसतील अशा जंबो जेटची आहे. परंतु तिच्यात जो पेच होता तो सेसनातला आणि त्यातला एकच.

१ जानेवारी १९७८. नववर्षाच्या पहिल्याच रात्री साडेआठनंतर एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे विमान मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळावरून दुबईला निघाले. एअर इंडियाच्या ताफ्यात आलेले हे पहिले जंबो. १९० प्रवासी आणि २३ कर्मचारी. धावपट्टी पश्चिमेकडची, म्हणजे उठल्याबरोबर समुद्र. शहराचे दिवे पाठीमागे राहिले, पुढे काळोख. किनारा ओलांडल्यावर विमानाने उजवीकडे सौम्य वळण घेतले आणि ते पुन्हा सरळ झाले. परंतु कप्तानासमोरचे कृत्रिम क्षितिज मात्र विमान अजून उजवीकडेच कललेले आहे असे दाखवीत राहिले असावे. कप्तान मदनलाल कुकर यांचा उड्डाणाचा अनुभव जवळजवळ १८,००० तासांचा होता. त्यांनी सुकाणू डावीकडे वळविले, आणि तसेच वळवीत राहिले. विमान डावीकडे कलत कलत ९० अंशांच्याही पलीकडे गेले आणि वांद्र्याच्या किनाऱ्यापासून सुमारे तीन किलोमीटरवर समुद्रात शिरले. उड्डाणापासून १०१ सेकंद झाली होती. २१३ जणांतील एकही वाचला नाही.

प्रारंभी घातपाताचा संशय घेतला गेला. चौकशीत स्फोटाचा पुरावा मिळाला नाही. एक उपकरण बिघडल्याने कप्तानाला विमानाच्या स्थितीचे भान राहिले नाही आणि उरलेल्या उपकरणांच्या आधारे विमान सावरता आले नाही, असा निष्कर्ष निघाला. अमेरिकेत विमानाच्या व उपकरणांच्या उत्पादकांवर खटले झाले; १९८५ साली तेथील न्यायालयाने उत्पादकांची हयगय झाल्याचा दावा फेटाळला.

मला या प्रकरणात सर्वांत विचार करण्याजोगे वाटते ते हे की, त्या कक्षात कृत्रिम क्षितिजे तीन होती. एक कप्तानासमोर, एक सहवैमानिकासमोर, तिसरे राखीव, दोघांच्या मध्ये. दोन साक्षीदार परस्परविरुद्ध बोलू लागले तर निवाडा व्हावा म्हणूनच तिसऱ्याची योजना असते. कक्षातील ध्वनिमुद्रणावरून दिसते की, कप्तानाने आपल्या उपकरणाबद्दल शंका बोलून दाखविली होती. सहवैमानिकाने आपलेही तसेच झाल्याचे म्हटले. आणि उड्डाण-अभियंत्याने अगदी शेवटी, त्यावर विसंबू नका अशा अर्थाचे बजावण्याचा प्रयत्न केला. सहवैमानिकाचे क्षितिज बहुधा खरे बोलत होते. पण खरी असलेली ती विलक्षण स्थिती इतकी अविश्वसनीय होती की, खऱ्यालाच खोटे ठरविण्यात आले. आपल्यासमोरचा, रोजच्या परिचयाचा साक्षीदार फितूर झाला आहे हे मानायला मन तयार होत नाही, आणि तयार झाले की मग ते कोणावरच विश्वास ठेवायला तयार होत नाही. शंकेची ही दोन टोके. वैमानिकाला मधली वाट हवी असते: संशय एकावर, आणि तोही पुराव्याने.

ही मधली वाट शिकविता येते, असे उड्डाणशिक्षक म्हणतात. एका तबकडीवर नजर खिळू द्यायची नाही. क्षितिज पाहिले की वळणदर्शक पाहायचा, मग दिशा, मग उंची, मग वेग, आणि पुन्हा क्षितिज. क्षितिज म्हणते विमान उजवीकडे कलले. पण वळणदर्शक सरळ आहे, दिशा बदलत नाही, होकायंत्रही स्थिर आहे. तिघे एकीकडे आणि क्षितिज एकटे. विशेष हे की वळणदर्शक विजेवर चालतो, होकायंत्राला काहीच लागत नाही. म्हणजे साक्षीदार निरनिराळ्या गावचे आहेत, संगनमताचा संभव नाही. पंपाचा जोर दाखविणारी लहान तबकडी पाहिली की शंकेचे निरसन होते. मग खोटे बोलणारे उपकरण कागदाने किंवा रबरी चकतीने झाकून टाकायचे. हे झाकणे महत्त्वाचे. ते खोटे आहे हे कळल्यावरही डोळे वारंवार तिकडेच जातात आणि हात त्याचे ऐकतात. शिक्षक विद्यार्थ्यांच्या तबकड्या सरावात मुद्दाम झाकतात, ते याच सवयीसाठी.

नव्या विमानांत गोल तबकड्यांऐवजी पडदे आले आहेत. आतला एखादा भाग निकामी झाला की त्या जागी लाल फुली येते. ही मोठीच सोय, कारण उपकरण स्वतःच आपली अपात्रता कबूल करते. पण नळीतल्या मातीची गोष्ट पडद्याला कळत नाही. बुजलेल्या नळीचा खोटा वेग तोही सुरेख, ठळक आकड्यांत दाखवतो.

गोंदूरला भर दुपारी यांतले काहीही झाले तर विद्यार्थ्याने काचेबाहेर पाहावे, लळिंग डावीकडे की उजवीकडे ते ठरवावे, फेरी पुरी करावी आणि उतरावे. पुढे व्यावसायिक वैमानिक होऊन तो रात्री समुद्रावरून उडेल तेव्हा लळिंग नसेल. म्हणून परवान्याच्या शिक्षणात डोळ्यांवर आडपडदा लावून केवळ उपकरणांवर उडण्याचे तास सक्तीचे असतात. उतरल्यानंतर बिघाडाची नोंद विमानाच्या नोंदवहीत करायची आणि तंत्रज्ञाने तपासून सही केल्याखेरीज ते विमान पुन्हा कोणी न्यायचे नाही. काटा उतरल्यावर आपोआप ठीक दिसू लागला, तरीही. पिटो नळीत माती निघाली तर ती फुंकून काढण्याचा मोह होतो. तसे करायचे नसते. नळी उपकरणापासून सोडवून घेतल्यावाचून तीत हवेचा झोत मारला, तर माती निघते आणि वेगमापकातली नाजूक डबी कायमची बिघडते.